सेकंड-हँड ऑक्टाव्हिया १.८ टीएसआय घ्यावी का, आणि घेतल्यावर आधी काय दुरुस्त करावे?

तुमचा प्रश्न माझ्या समजुतीप्रमाणे असा आहे. २०१६ ची स्कोडा ऑक्टाव्हिया १.८ टीएसआय (म्हणजे टर्बो पेट्रोल) ऑटोमॅटिक, मीटरवर ८४,००० किलोमीटर, दुसऱ्या मालकाची, पुण्यातल्या एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडे सव्वासात लाखांना मिळते आहे. तुमच्याकडे सगळे मिळून नऊ लाख आहेत. उरणाऱ्या पावणेदोन लाखांत रीमॅप (इंजिनाची ताकद वाढवण्यासाठी त्याच्या संगणकातला प्रोग्रॅम बदलणे), अठरा इंची अलॉय आणि गाडी थोडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा अशी यादी तुम्ही केली आहे, आणि तिच्या शेवटी ‘किरकोळ सर्व्हिसिंग’ असे दोन शब्द लिहिले आहेत. गाडी घ्यावी का आणि कामांचा क्रम कसा ठेवावा, असे तुम्ही विचारले आहे.

क्रमाचे उत्तर आधी देतो, कारण घेण्या-न घेण्याचे उत्तर त्यातूनच निघते. यादी उलटी करा. शेवटी लिहिलेल्या त्या दोन शब्दांतच तुमचे पावणेदोन लाख आहेत. ही गाडी नवी असताना रस्त्यावर येईपर्यंत वीस लाखांच्या पुढे गेलेली होती. आठ-नऊ वर्षांत गाडीची किंमत सातावर आली, पण तिच्या क्लचची, वॉटर पंपाची आणि लोअर आर्मची (चाकाला धरून ठेवणाऱ्या दांड्याची) किंमत वीस लाखांच्या गाडीचीच राहिली आहे. ‘गाडी तर औरंगाबादजवळच्या शेंद्र्याला बनलेली, मग भाग महाग कसे?’ असे अनेक जण मला विचारतात. शेंद्र्याच्या कारखान्यात ऑक्टाव्हिया बाहेरून आलेल्या सुट्या भागांतून जुळवली जात असे, आणि त्यामुळे यांत्रिक भागांच्या दरावर जन्मगावाचा फारसा परिणाम होत नाही. तेव्हा तुमचा खरा प्रश्न सव्वासात लाख योग्य आहेत का, हा नाही. पहिल्या सहा महिन्यांत ही गाडी तुमच्याकडून आणखी किती मागेल आणि ते तुम्ही देऊ शकाल का, हा आहे.

मी सतरा वर्षे स्कोडा-फोक्सवागन समूहाच्या गाड्यांवर काम करतो, त्यांपैकी आठ वर्षे कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये काढली आणि नंतर स्वतःचे गॅरेज टाकले. तरीही ही गाडी मी पाहिलेली नाही, हे आधी मान्य करतो. मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेवर झालेले ८४,००० किलोमीटर आणि रोज सकाळ-संध्याकाळ हिंजवडीच्या गर्दीत झालेले ५०,००० किलोमीटर यांत मी डोळे मिटून पहिली गाडी घेईन. घरात दुसरी गाडी आहे का, यावरही बरेच अवलंबून आहे, कारण या गाडीचा एखादा भाग मागवावा लागला तर ती आठवडाभर उभी राहू शकते आणि कामावर रिक्षाने जावे लागले की गाडीवरचे प्रेम झपाट्याने आटते. तुम्ही कोणाकडून काम करून घेणार, हेही महत्त्वाचे आहे. योग्य स्कॅनर आणि या गिअरबॉक्सचा अनुभव नसलेला मेकॅनिक कितीही हुशार असला, तरी तो तुमच्या पैशांवर शिकणार.

आता मुख्य मुद्द्यावर येतो, तो म्हणजे गिअरबॉक्स. १.८ टीएसआयला सात गिअरचा डीएसजी, म्हणजे या समूहाचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स येतो, ज्याला आम्ही डीक्यू२०० म्हणतो. त्यात दोन क्लच आहेत आणि दोन्ही कोरडे आहेत, म्हणजे ते मॅन्युअल गाडीच्या क्लचसारखे हवेत फिरतात, ऑइलमध्ये बुडालेले नसतात. एका क्लचवर पहिला, तिसरा, पाचवा आणि सातवा गिअर असतो, तर दुसऱ्यावर दुसरा, चौथा, सहावा आणि रिव्हर्स. हे लक्षात ठेवा, पुढे टेस्ट ड्राइव्हला उपयोगी पडेल. या दोन क्लचना आणि गिअर बदलणाऱ्या काट्यांना हायड्रॉलिक दाबाने हलवणारे जे युनिट आहे, त्याचे नाव मेकॅट्रॉनिक. गाडीचा मेंदू आणि हात एकाच डब्यात बसवावेत तसा हा प्रकार आहे, आणि म्हणूनच तो बिघडला की बिल मोठे येते.

बिघाड प्रामुख्याने दोन प्रकारचे असतात आणि त्यांची गल्लत करू नये. पहिला क्लचच्या झिजेचा. गर्दीत ब्रेक अर्धवट सोडून गाडी मुंगीच्या पावलाने सरकवत नेली की क्लच सतत घासतो आणि तापतो, आणि काही वर्षांनी निघताना किंवा पहिल्या-दुसऱ्या गिअरच्या दरम्यान गाडी थरथरू लागते. ही झीज हळूहळू येते, तिची सूचना मिळते. दुसरा बिघाड मेकॅट्रॉनिकचा. त्याच्या अ‍ॅल्युमिनियमच्या घडणीत, दाब साठवणारा अ‍ॅक्युम्युलेटर जिथे बसतो त्या जागेला तडा जातो, ऑइल झिरपते, दाब टिकत नाही, पंप पुन्हा पुन्हा धावू लागतो आणि शेवटी स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. स्कॅनरवर पी१७बीएफ हा कोड दिसतो, मीटरमध्ये गिअरचे अक्षर लुकलुकते आणि गाडी जिथे असेल तिथे उभी राहते. हा बिघाड पूर्वसूचना देईलच असे नाही. काल उत्तम चाललेली गाडी आज टोइंगवर येते, हे मी अनेकदा पाहिले आहे.

याच कुटुंबातील जुन्या गिअरबॉक्सचा इतिहासही माहीत असावा. २०१३ च्या अखेरीस फोक्सवागनने जगभरातील सुमारे १६ लाख गाड्या यातील सिंथेटिक ऑइल काढून मिनरल ऑइल भरण्यासाठी परत बोलावल्या होत्या. तुमची गाडी त्यानंतरची आहे, त्यामुळे तो विषय तिला लागू नाही. पण व्यापारी जर अभिमानाने सांगत असेल की ‘आत्ताच डीएसजी ऑइल बदलले आहे’, तर भारावून जाऊ नका. ६०,००० किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर बदलण्याचा नियम ओल्या क्लचच्या सहा गिअरवाल्या डीएसजीचा आहे, जो ऑक्टाव्हियाच्या डिझेल ऑटोमॅटिकमध्ये आणि २०१७ च्या व्हीआरएसमध्ये, म्हणजे ऑक्टाव्हियाच्याच जास्त ताकदीच्या प्रकारात होता. कोरड्या क्लचला त्या ऑइलचा स्पर्शही होत नाही, त्यामुळे ते बदलून झिजलेला क्लच बरा होत नाही.

टेस्ट ड्राइव्ह कशी घ्यायची ते थोडे विस्ताराने सांगतो, कारण व्यापाऱ्याबरोबर दहा मिनिटे रिकाम्या रस्त्यावर फिरून या गाडीचे काहीही कळत नाही. आदल्या दिवशी फोन करून सांगा की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका, आणि गेल्यावर आधी बोनेटवर तळहात ठेवा. कोमट लागले तर का तापवली, हे विचारा. थंड इंजिन स्वतः सुरू करा, पहिले काही सेकंद खिडकी उघडी ठेवून आवाज ऐका, आणि मग गाडी किमान चाळीस मिनिटे चालवा, त्यातली निम्मी गर्दीत. क्लच तापल्यावरच खरे बोलतो. सपाट रस्त्यावर ब्रेक सोडून, अ‍ॅक्सिलरेटरला पाय न लावता गाडीला आपोआप सरकू द्या. ती गुळगुळीत सरकली पाहिजे. मग अगदी हलक्या पायाने वेग घ्या आणि पहिल्याचा दुसरा, दुसऱ्याचा तिसरा होताना स्टिअरिंगमध्ये किंवा सीटखाली थरथर जाणवते का पाहा. जोरात पळवून पाहू नका. जोरात पळवल्यावर ती लपते. शेवटी एखाद्या चढावर थांबून रिव्हर्समध्ये वर चढवून पाहा. रिव्हर्सला धक्का असेल आणि दुसरा-चौथा गिअर पडतानाही धक्का असेल, तर संशय सम गिअरच्या क्लचवर किंवा त्या बाजूच्या यंत्रणेवर जातो. फक्त रिव्हर्सलाच ‘टक’ असा आवाज येत असेल आणि सम गिअर स्वच्छ असतील, तर कदाचित इंजिन माउंट (इंजिनाला धरणारा रबरी आधार) बसलेला असेल, आणि ते तुलनेने स्वस्त काम आहे. असा तर्क जागच्या जागी करता आला की घासाघीस करणेही सोपे जाते.

रस्त्यावरची चाचणी झाली की गाडी लिफ्टवर घ्या आणि स्कॅनर लावा. स्कॅनर म्हणजे मोबाइलला जोडायचा पाचशे रुपयांचा डोंगल नव्हे. गिअरबॉक्सच्या कंट्रोलरमध्ये शिरून दोन्ही क्लचची सध्याची स्थिती वाचणारे उपकरण हवे, आणि ते आकडे समजणारा माणूसही. व्यापारी बाहेरच्या वर्कशॉपला गाडी नेऊ देत नसेल, तर मी होतो तेवढा वेळ पुरे समजून उठतो आणि नमस्कार करून निघतो.

स्कॅनरचा आणखी एक उपयोग आहे, तो बहुतेकांना माहीत नसतो. बिघाडाची नोंद करताना कंट्रोलर त्या क्षणीचे किलोमीटरही सोबत लिहून ठेवतो. दोन वर्षांपूर्वी एक शिक्षक दांपत्य याच समूहाची एक सेडान घेऊन माझ्याकडे आले होते. गाडी विकत घेऊन आठ दिवस झाले होते, मीटरवर ७२,००० होते, आतून गाडी कशी लख्ख होती. कुठल्याशा किरकोळ दिव्यासाठी म्हणून मी स्कॅनर लावला, तर एका कंट्रोलरच्या कोपऱ्यात जुनी नोंद पडली होती: बॅटरीचे व्होल्टेज कमी, किलोमीटर १,१८,०००. मीटर ७२,००० चे आणि आठवण १,१८,००० ची. स्क्रीन त्यांच्याकडे वळवली, तेव्हा बाई काहीच बोलल्या नाहीत, फक्त पर्समधून व्यापाऱ्याने दिलेली पावती काढून ती पुन्हा वाचू लागल्या. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो की हे पाहणे खरेदीच्या आधी करायचे असते. आणि जर सगळ्या कंट्रोलरमध्ये एकही नोंद नसेल आणि इंजिनाचे स्वयंतपासणीचे मॉनिटर अपूर्ण दिसत असतील, तर कोणी तरी आदल्या दिवशी सगळे पुसले आहे, असे समजा. अशा वेळी मीटरपेक्षा स्टिअरिंगचे गुळगुळीत झालेले चामडे, ब्रेक पेडलचे झिजलेले रबर आणि ड्रायव्हर सीटची बाहेरची कड यांवर विश्वास ठेवावा.

इंजिनाबद्दल मी त्यामानाने निश्चिंत आहे. तुम्ही ज्या पिढीची ऑक्टाव्हिया पाहता आहात तिचे १.८ टीएसआय हे त्याच नावाच्या आधीच्या इंजिनापेक्षा बरेच सुधारलेले आहे. स्कोडाच्याच जुन्या लॉरा गाडीच्या १.८ टीएसआयमध्ये टायमिंग चेनचा टेन्शनर आणि ऑइल पिणे ही दोन मोठी दुखणी होती, आणि इंटरनेटवर वाचलेल्या भीतीच्या निम्म्या कथा त्या इंजिनाच्या असतात. तरीही डिपस्टिक काढून पाहा, आणि मागच्या सर्व्हिसनंतर किती ऑइल वरून टाकले ते विचारा.

या इंजिनाची खरी कमजोर जागा वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटचे एकत्रित युनिट ही आहे. ते प्लॅस्टिकचे असते, इनटेक मॅनिफोल्डच्या खाली गिअरबॉक्सच्या बाजूला लपलेले असते, आणि वर्षांनुवर्षे तापून-थंड होऊन त्याच्या जोडावर वाकते. गळती इतकी सावकाश असते की जमिनीवर थेंब दिसत नाही, गरम इंजिनावरच कुलंट वाळून जातो. टॉर्च घेऊन त्या फटीत पाहा: गुलाबी-जांभळट, मिठासारखी वाळलेली पुटे दिसली तर पंप गळतो आहे. कुलंटच्या बाटलीत साधे पाणी दिसले तर ते जास्त वाईट, कारण याचा अर्थ पातळी सतत उतरत होती आणि मालकाने कारण न शोधता नळाखाली बाटली धरली. ब्लॉकच्या आत त्याने काय केले असेल, हे नंतरच कळते.

व्हॉल्व्हवरच्या काजळीबद्दल तुम्ही विचारले होते. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडणाऱ्या इंजिनात इनटेक व्हॉल्व्हवर काजळी बसते, हे खरे आहे. पण बोअरस्कोप घालून ती डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कोणी सफाईचे पैसे मागत असेल तर देऊ नका.

पुराच्या पाण्याची तपासणी मात्र टाळू नका. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीला आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूणला पाणी शिरले, तेव्हा बुडालेल्या गाड्या काही वर्षांनी दुसऱ्या शहरांच्या बाजारात धुऊन-पुसून उभ्या राहिल्याच नसतील असे समजण्याचे कारण नाही. चारही सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढा. वरचा पट्टा धुतलेला असतो, पण गुंडाळीच्या आतल्या शेवटच्या वीतभर पट्ट्यावर मातीची रेघ राहते. डिकीतली स्टेपनी उचलून तिच्या खोबणीत हात फिरवा आणि पुढच्या सीटखालच्या वायरिंगचे कनेक्टर पाहा. तांब्यावर हिरवट बुरशी दिसली तर गाडी कितीही स्वस्त मिळत असली तरी सोडा, कारण या गाडीत इतके कंट्रोलर आहेत की ओलावा एकेकाला गाठत राहतो.

समजा हे सगळे पार पडले आणि गाडी तुमच्या दारात आली. आता पहिल्या कामांचा क्रम. माझा नियम असा आहे की आधी थांबण्याची आणि वळण्याची कामे, मग इंजिन मरू नये यासाठीची, मग गाडी आवाज करते त्याची, आणि हौसेची सर्वांत शेवटी. एकाच वेळी सगळे करून घेऊ नये, याला कारण आहे. पाच भाग एकदम बदलले आणि धडधड थांबली, तर कोणत्या भागाने थांबली हे कळत नाही. पाच बदलूनही धडधड राहिली, तर कोणता भाग उगाच बदलला तेही कळत नाही. दोन्हीकडून तुमचेच पैसे जातात.

म्हणून पहिल्या आठवड्यात मागचा मालक काहीही म्हणो, इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, एसीचा फिल्टर आणि स्पार्क प्लग बदला. ऑइल ५०२.०० हे फोक्सवागनचे मानक पाळणारे असावे, ते डब्यावर छापलेले असते, आणि पाच लिटरांपेक्षा थोडे जास्त लागते. कंपनीने अंतर १५,००० किलोमीटरचे दिले असले तरी आपल्याकडच्या गर्दीत चालणाऱ्या टर्बो गाडीला मी दहा हजारांवर किंवा वर्षाला ऑइल बदलतो. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदलायचे असते आणि जुन्या गाड्यांत ते जवळजवळ नेहमीच विसरलेले असते. पाणी शोषलेले ब्रेक ऑइल घाटात उतरताना उकळते आणि पेडल स्पंजासारखे मऊ होते, तेव्हा ते पहिल्याच दिवशी बदला. डिस्कच्या कडेवर किमान जाडी कोरलेली असते, मेकॅनिकला व्हर्निअर लावून मोजायला सांगा, ‘अजून चालेल की’ या उत्तरावर समाधान मानू नका. टायरच्या बाजूला चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल दिसली तरी सहा-सात वर्षांचे टायर या गाडीच्या वेगाला मी ठेवत नाही.

त्यानंतर हजारभर किलोमीटर गाडी फक्त चालवा आणि एका वहीत लिहा. कुलंटची पातळी दर रविवारी थंड इंजिनावर, ऑइलची पातळी, गिअरबॉक्स कुठे आणि किती तापल्यावर अडखळतो, कोणत्या खड्ड्यात कोणत्या बाजूने आवाज आला. सस्पेन्शनचे आवाज पहिल्याच दिवशी दुरुस्त करायला धावू नये, असे माझे मत आहे, कारण त्या वहीवरून दुखणे नेमके सापडते. स्पीडब्रेकरवरून हळू जाताना पुढून ‘धप’ असा भरीव आवाज येत असेल तर बहुधा लोअर आर्मचे बुश (रबरी जोड), गाडी उभी असताना स्टिअरिंग फिरवल्यावर ‘टण्’ असा आवाज येत असेल तर स्ट्रट माउंट, आणि खडबडीत रस्त्यावर सुटी नाणी खुळखुळावीत तसे वाटत असेल तर स्टॅबिलायझरची लिंक. १.८ टीएसआयच्या मागच्या बाजूला मल्टी-लिंक सस्पेन्शन आहे, म्हणून ती वळणावर इतकी छान बसते, पण म्हणूनच मागेही बुश जास्त असतात.

वॉटर पंपाचे युनिट गळत असेल तर त्याला पहिल्या महिन्यातच हात घाला. गळत नसेल तर मी केवळ वयावरून बदलत नाही, पण त्याचे पैसे बाजूला ठेवतो.

आता तुमचे पावणेदोन लाख मोजू. विमा, मालकी बदल आणि किरकोळ कागदपत्रे यांत चाळीस हजार धरा. वर सांगितलेली पहिली सर्व्हिस साधारण तीस हजार, चार चांगले टायर चाळीस हजार, पुढचे बुश आणि माउंट पंचवीस हजार. हाताशी चाळीस हजार उरले, आणि त्यांत वॉटर पंप कसाबसा बसतो. क्लचचा संच आणि मजुरी मिळून माझ्याकडे लाखाच्या आसपास जाते, पूर्ण नवे मेकॅट्रॉनिक दीड-दोन लाखांच्या घरात, आणि तडा गेलेला भागच तेवढा दुरुस्त करायचा असेल तर त्याहून बरेच कमी. हे दर शहर, दुकान आणि भागांचा ब्रँड यांनुसार हलतात. पण गणित कसेही मांडले तरी रीमॅपला जागा उरत नाही.

आणि रीमॅपबद्दल माझा आक्षेप पैशांपुरता नाही. तुम्ही लिहिले आहे की सगळे जण ‘स्टेज वन’, म्हणजे रीमॅपची पहिली पायरी, करतात. त्याच काळातली स्कोडा सुपर्ब हेच १८० पीएसचे १.८ टीएसआय इंजिन घेऊन आपल्याकडे विकली जात होती. मॅन्युअल गिअरबॉक्सबरोबर तिचा टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर) ३२० न्यूटन-मीटर होता, आणि याच सात गिअरच्या डीएसजीबरोबर २५०. इंजिन तेच असताना कंपनीने स्वतःच सत्तर न्यूटन-मीटर का कापले असतील? कारण डीक्यू२०० ची मर्यादा २५० ची आहे. रीमॅपवाला तुम्हाला जे सत्तर-ऐंशी न्यूटन-मीटर ‘मोकळे करून’ देतो, ते इंजिनातून निघतात, पण जातात त्याच दोन कोरड्या क्लचमधून, जे तुमच्या बाबतीत आधीच ८४,००० किलोमीटर घासलेले आहेत. काही गाड्या हे वर्षानुवर्षे सहन करतात, हेही मी पाहिले आहे. त्या बहुतेक हायवेवर चालतात आणि त्यांचे मालक सिग्नलला शांत असतात. तुम्हाला रीमॅप करायचाच असेल, तर आणखी पैसे साठवून व्हीआरएस शोधा. २.० टीएसआय, २३० पीएस, ३५० न्यूटन-मीटर आणि सहा गिअरचा ओल्या क्लचचा डीएसजी, ही गोष्टच वेगळी आहे. मात्र त्या मोजक्याच आल्या होत्या, आणि बाजारात येणाऱ्यांपैकी अनेक मालकांनी आधीच पिळून काढलेल्या असतात.

अठरा इंची अलॉय आणि खाली बसवणाऱ्या स्प्रिंगांवर फार लिहीत नाही. टायरची बाजू जितकी पातळ, तितका खड्ड्यात रिम वाकण्याचा आणि टायरला फुगा येण्याचा धोका जास्त. ऑक्टाव्हियाचे नाक मुळात लांब आहे, सोसायटीच्या उतारावर बंपर घासू लागला की स्प्रिंगा आठवड्याभरात परत निघतात. अशा काढलेल्या स्प्रिंगांचे दोन संच माझ्या माळ्यावर पडून आहेत.

इतक्या वेळ जे सांगितले ते एका दमात सांगायचे तर: थंड इंजिनापासून सुरुवात, गर्दीत चाळीस मिनिटे, लिफ्ट आणि स्कॅनर, पुराच्या खुणा, मग किंमत. घेतल्यावर द्रव, ब्रेक आणि टायर, मग हजार किलोमीटरची वही, मग पंप आणि बुश, आणि गिअरबॉक्ससाठीचे लाखभर रुपये वेगळ्या खात्यात. क्लचचे आकडे निरोगी आले आणि सर्व्हिसच्या नोंदी कंपनीच्या संगणकाशी जुळल्या, तर सव्वासात लाख मला अवाजवी वाटत नाहीत. गरम झाल्यावर किंचितही थरथर जाणवली, तर पूर्ण लाख रुपये कमी करून मागा आणि नाही म्हटले तर सोडा. निरोगी गाडी मिळूनही लाखभर वेगळे ठेवता येत नसतील, तर याच ऑक्टाव्हियाची १.४ टीएसआय मॅन्युअल पाहा. टॉर्क तिलाही २५० न्यूटन-मीटरच आहे, सहा गिअर आहेत, आणि डाव्या पायाला काम दिले की महिनाअखेरीला झोप चांगली लागते.

कागदपत्रांत तीन गोष्टींवर लोक अडतात. गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि सही केलेला फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. मालकी बदलासाठीचे फॉर्म २९ आणि ३० यांवर व्यापाऱ्याची नव्हे, तर सहसा आरसीवर नाव असलेल्या मालकाची सही लागते. राज्यातल्या राज्यात ३० दिवसांत अर्ज करायचा असतो, आणि विमा १४ दिवसांत तुमच्या नावावर करून घ्यायचा असतो. नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही, तो जुन्या मालकाचा असतो, त्यामुळे व्यापाऱ्याने दाखवलेल्या हप्त्याच्या आकड्यावर विसंबू नका. गाडी १ एप्रिल २०१९ पूर्वीची असल्याने नवी उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवली आहे का आणि ई-चलान थकले आहे का, हेही आधी पाहा.

आणि व्यापारी टोकन मागेल, तेव्हा पाच-दहा हजारांच्या वर देऊ नका, पण पावती नीट घ्या. तिच्यावर गाडीचा नंबर, चेसिस नंबर, मीटरवरचे किलोमीटर आणि हे एक वाक्य त्याच्याच हस्ताक्षरात लिहून मागा: ‘खरेदीदाराच्या मेकॅनिकने गिअरबॉक्स तपासून नापसंत केल्यास टोकनची पूर्ण रक्कम परत.’ जो हे हसत लिहून देतो त्याच्याकडे शनिवारी सकाळी मेकॅनिक घेऊन जा. जो ‘विश्वास ठेवा साहेब, गिअरबॉक्स अगदी मक्खन आहे’ म्हणत पेन खिशात ठेवतो, त्याच्याकडे जाण्याचा पेट्रोलचा खर्च वाचवा.